मुक्या खोलीतलं स्टूल

रविवार सकाळ. ताटं पुसून वरच्या फळीवर लावत होते. सहा लागली, सातव्याला हात पुरेना. सवयीने स्टूल ओढायला गेले, तर ते कुठे! सोमवारी मीच वन्संना दिलेलं. ताट हातातच राहिलं. त्यावर खिडकीतलं ऊन पडून समोरच्या भिंतीवर कवडसा नाचायला लागला.

वन्सं चहा पीत होत्या. एकदम म्हणाल्या, "वहिनी, ताट हलवू नकोस."

वन्सं म्हणजे यांची थोरली बहीण. बावीस वर्षं क्षेपणास्त्रांच्या कारखान्यात आहेत. केसांत पेन्सिल खोचलेली, चष्मा कायमचा हरवलेला. हे चिडवतात, "ताईला ढगाआडचं विमान सापडतं, डोक्यावरचा चष्मा नाही सापडत." त्यावर वन्सं, "प्लॅस्टिकचा आहे रे, हाकेला ओ देत नाही. तुझ्यासारखाच."

त्यांचं काम त्यांनी मला एकदा भाजी निवडताना सांगितलं होतं. रडार म्हणजे हाक मारणं. लाट सोडायची, ती विमानावर आपटून परत येते. किती वेळात आली त्यावरून अंतर, कुठून आली त्यावरून दिशा. क्षेपणास्त्राच्या नाकात एक डोळा असतो, तो ही परत आलेली हाक धरून ठेवतो.

"मग ते विमानाच्या मागे धावत सुटतं?"

"छे! विमान पोचणार असतं तिथे जातं. तू रस्ता ओलांडतेस, बाजूने सायकल येते. ती एकाच कोनात दिसत राहिली आणि मोठी होत गेली, तर धडकलीच समज. आपण जीव वाचवायला तो कोन मोडतो. क्षेपणास्त्र तोच कोन जपतं."

त्या दिवशी मी माझ्या रोजच्या वहीत लिहिलं होतं: देवा, एवढी अक्कल दिलीस, ती वापरायचं भानही दे.

हा डोळा सरळ बघतो की तिरपा, हे वन्सं तपासतात आणि सही करतात. तपासायच्या खोलीला ते मुकी खोली म्हणतात. भिंतीभर काळ्या स्पंजची टोकं, लाट गिळून टाकणारी. आत धातूचं काही न्यायचं नाही. नव्या माणसांना हा नियम वन्संच शिकवतात.

आणि माझं स्टूल स्टीलचं. वन्संचे गुडघे दुखतात म्हणून मीच गळ्यात मारलं, "उभ्याने किती मराल, हे न्या."

"बाहेर बसायला नेलं होतं," वन्सं कवडशाकडे बघतच म्हणाल्या. "गुरुवारी गुडघ्याने फारच छळलं. आत ओढलं. तीन डोळे बसून तपासले. त्यांना खरी लाट दिसली, तशी या कवडशासारखी स्टुलावर आपटून आलेलीही दिसली असणार. दोन्हींच्या मधलं कुठलं तरी मी सरळ म्हणून लावलं."

उद्या पहाटे तेच तीन डोळे लावलेली क्षेपणास्त्रं सरावात सोडायची आहेत. त्यांच्यासाठी एक वैमानिक विमानामागे लांब दोरावर लक्ष्य ओढत नेणार.

"आणि डोळा तिरपा असला तर?" मी विचारलं.

"तर त्याला दोराचं लक्ष्याकडचं टोक काय नि विमानाकडचं काय, सारखंच."

हे म्हणाले, "फोन कर ना साहेबांना."

"यातलं अक्षरही फोनवर बोलायचं नाही."

"अगं, कदाचित काहीच झालं नसेल. बावीस वर्षांचं नाव घालवशील."

वन्सं उठल्या, बसल्या, पुन्हा उठल्या. स्वयंपाकघर ते दार, दार ते स्वयंपाकघर. मी देवापुढे बसले. ओठ हलत होते, मन जागेवर नव्हतं. त्या वैमानिकाचं नाव मला ठाऊक नाही, देवाला असेल. त्याच्याही घरी या वेळी कुणी ताटं पुसत असेल.

"वन्सं, स्टूल माझं होतं असं सांगा."

"स्टूल तुझं गं. आत ओढणारे हात माझे." मग चिडून, "माझा चष्मा कुठे गेला?"

"डोक्यावर," आम्ही दोघं एकदम म्हणालो. कुणी हसलं नाही.

सातवं ताट अजून ओट्यावरच आहे. वन्सं चपला घालताहेत. साहेबांच्या घरी चालल्या आहेत, तिन्ही डोळ्यांचे नंबर देऊन उद्याचा सराव थांबवायला.