फिरवू द्या तिले तोंड

हातमागाच्या खड्ड्यातून एक तळहात वर यायचा. नजर सूत नेणाऱ्या धोट्यावरच असायची. लेकराला बघायला दारात आलेल्या बाईने त्या हाताकडे दुर्लक्ष करून पाऊल आत टाकलं, की खालून आवाज यायचा, "दूर. श्वास घेऊ द्या तिले."

तुम्ही म्हणाल, काय हा उद्धट माणूस. आमची अख्खी गल्ली तेच म्हणायची. गोळीबार चौकाच्या मागे आमची घरं भिंतीला भिंत लावून होती. माझे सासरे आणि ते एकाच व्यापाऱ्याची लुगडी विणायचे. मी त्यांना भाऊजी म्हणायची. त्यांची बायको बाळंतपणाच्या तापात गेली आणि तान्ही चिमी त्यांच्या पदरात पडली. तेव्हापासून त्यांच्या मागासाठी सुताच्या कांड्या मी भरून देत असे. त्यामुळे पुढचं सगळं माझ्या डोळ्यांसमोर घडलं आहे, ऐकीव नाही.

आमचे माग खड्ड्याचे. जमिनीत कमरेएवढा खड्डा, विणणारा आतल्या पायरीवर बसतो, पाय खाली पावड्यांवर, म्हणजे माग चालवायच्या फळ्यांवर. भाऊजी तर अंगाने इतके लहान, की बसल्यावर छातीपर्यंत आत गेलेले दिसायचे. चिमीची वाकळ त्यांनी काठाला लागूनच अंथरली होती. पोरीने मान वळवली की बापाचं तोंड अगदी समोर, तिच्याच उंचीला. आपण लेकराकडे वरून पाहतो, छपरासारखे. ते तसे पाहत नसत.

त्यांना हे पहिल्यापासून कळत होतं असं नाही. सुरुवातीला ते आपल्या सगळ्यांसारखेच होते. पोर रडली की खुळखुळा वाजव, चुटक्या मार, मिशा फेंदारून भालू हो. पोर आणखी रडायची. एका दुपारी ते इतके दमले, की हात मांडीवर टाकून नुसते बसून राहिले. मी कांड्या घेऊन दारात होते. चिमी त्यांच्याकडे पाहत होती. मग तिने तोंड फिरवलं आणि मागाच्या दोरीकडे पाहू लागली. भाऊजींनी काही केलं नाही, कारण करायची ताकदच उरली नव्हती. थोड्या वेळाने पोरगी आपणहून परत वळली आणि बापाकडे बघून तोंडभर हसली. भाऊजी माझ्याकडे असे पाहू लागले, की जसं काही चोरी पकडली गेली.

"आली वापस," ते म्हणाले.

तेव्हापासून तोच त्यांचा मंत्र झाला. फिरवू द्या तिले तोंड. येते वापस. पोरगी पाही, हसे, मान वळवी, दम खाई, पुन्हा येई. त्यांचा धोटा तिच्या तालावर थांबायचा आणि चालायचा. लुगडं उशिरा उतरायचं, व्यापारी बोंबलायचा, भाऊजी ऐकून घ्यायचे.

पण गल्लीला हे कुठे सोसतं? आईवेगळं लेकरू म्हणजे सगळ्यांच्या हक्काचं. येणारी प्रत्येक बाई वाकळीवर ओणवी व्हायची, गाल ओढायची, तोंडाजवळ तोंड नेऊन "ओळखलं का वं मले?" म्हणून ओरडायची. चिमी एका बाजूला मान करी. बाई त्या बाजूला जाई. चिमी दुसरीकडे करी. बाई तिथेही हजर. मग उचकी लागायची, मुठी आवळायच्या आणि शेवटी भोकाड. बाई म्हणायची, दृष्ट लागली. अगं बये, लागली ती तुझीच, आणि मीठमोहऱ्या ओवाळायलाही तूच पुढे! मला आजही ती आठवण झाली की डोकं तापतं. पुढे बालवाडीत मी वर्षानुवर्षं मुलं सांभाळली. हीच बाई मला दरवर्षी नव्या लुगड्यात भेटली.

भाऊजींनी तळहात दाखवून पाहिला, ओरडून पाहिलं. स्वतःच्या मावशीला हाकलून दिलं. कशाचा उपयोग होईना. मग त्यांना एक शक्कल सुचली आणि तीच त्यांच्या मुळावर आली. त्यांनी दाराला कडुनिंबाची डहाळी बांधली.

आमच्याकडे दाराला निंब म्हणजे घरात देवी आल्या. मग त्या घरात कोणी जात नाही, मोठ्याने बोलत नाही, फोडणी देत नाही. झालं, गल्ली गप्प. बाया रस्त्याच्या पलीकडून हात जोडून जायच्या. आत हा माणूस मजेत विणतोय आणि पोरगी त्याच्याकडे बघून खिदळतेय. मी कांड्या द्यायला गेले तेव्हा हसू आवरेना. मी म्हटलं, भाऊजी, देवी कोपेल. ते म्हणाले, देवीले लेकरं आहेत, तिले समजते.

देवीला समजलं असेल. उमरेडला समजलं नाही. चिमीला देवी आल्याची खबर तिच्या आजोळी पोचली. आजी बिचारी मिळेल त्या मोटारीने रडत आली. पोटची पोर ह्याच घरात गेली होती, आता नातही जाते की काय, असं तिच्या मनात. दार उघडून पाहते तर पोरगी ठणठणीत. त्या म्हातारीला आधी आनंद झाला आणि मग तिचा जो संताप झाला तो मी विसरणार नाही.

"देवीच्या नावानं खोटं बोलून राहिले का तुमी?" ती जावयाला म्हणाली. "माहा जीव अर्धा झाला. तुमच्या हाती लेकरू ठेवायचं काहून?"

तिचं रडणं खरं होतं. म्हणून तिच्यावर मला धड रागावताही येत नाही. राग येतो तो पंचांचा. पोर कोणाकडे राहावी हे ठरवायला समाजाचे पंच आमच्या चौकात मांडव घालून बसले. एकजण म्हणाला, लेकरू खोटं बोलत नाही, ज्याच्याकडे हात करेल त्याचं. सगळ्यांना हा न्याय फार आवडला. पाचामुखी परमेश्वर म्हणतात. त्या दिवशी परमेश्वर कुठल्या गावाला गेला होता कोण जाणे.

जेमतेम बसायला लागलेल्या पोरीला सतरंजीवर मधोमध ठेवलं. एका बाजूला बाप, एका बाजूला आजी आणि भोवती सगळी गल्ली. टाळ्या सुरू झाल्या. कोणी खुळखुळा हलवला, कोणी गूळ दाखवला. "इकडे पाय, चिमे, इकडे!" पोरीने एकाकडे पाहिलं, दुसऱ्याकडे पाहिलं. मुठी आवळल्या. उचकी लागली. मग तिने मान वळवली आणि मांडवाच्या बल्लीकडे, त्या लाकडी खांबाकडे टक लावली. बापाकडे नाही, आजीकडे नाही, कोणाकडेच नाही.

"बोलाव गा तुह्या पोरीले," पंच म्हणाले.

"नाही बोलावत," भाऊजी म्हणाले. "सारे जरा गप राहा. फिरवू द्या तिले तोंड. येते वापस."

लोक हसले. मी बायांमधून उठून म्हटलं, की पोर घाबरली आहे, थोडं थांबा. बायांनी मधात बोलू नये, असं मला सांगण्यात आलं. सासऱ्यांनी डोळे वटारले. तरी मी दुसऱ्यांदा बोलले. माझं ऐकतो कोण! तोवर आजीने पोरीला उचललं होतं. चिमी तिच्या खांद्यावर ओल्या फडक्यासारखी पडली. हूं नाही की चूं नाही. पंच म्हणाले, पाहा, आजीकडे जाताच कशी शांत झाली.

शांत! लेकरू थिजलं होतं, आणि ह्या शहाण्यांना ते शांत वाटलं.

निकाल लागला. माणसं उठली, पानाचा डबा फिरला. आजी चिमीला घेऊन मोटार स्टँडच्या वाटेला लागली. गलका मागे पडला तशी चिमीने खांद्यावरून मान उचलली. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि बाप सापडला. तेव्हा तिने त्याच्याकडे दोन्ही हात केले. पंचांपैकी एकानेही मागे वळून पाहिलं नाही.

मला भाऊजींचाही राग आला. अजून येतो. एकदा हाक मारली असती तर काय बिघडलं असतं? मी त्यांना तोंडावर विचारलं.

"वहिनी," ते म्हणाले, "एवढ्या गलक्यात माही हाकबी गलकाच झाली असती."

वाकळ त्यांनी काठावरून काढली नाही. दर तान्ह्या पोळ्याला, लेकरांच्या त्या सणाला, लाकडी बैल घेऊन उमरेडला जायचे. पोरगी आजीच्या मागे लपायची. घरचे तिला पुढे ढकलायचे, जा, बाप आहे तुहा. भाऊजी भडकायचे, ढकलू नोका म्हणून भांडण करायचे, बैल ओसरीवर ठेवायचे आणि परत यायचे. ती किती जवळ आली हे मला येऊन सांगायचे. एका वर्षी खांबापर्यंत. एका वर्षी पायरीपर्यंत. मग एका पावसाळ्यात खोकल्याने धरलं आणि पुढचा पोळा त्यांना दिसला नाही.

तेरवीला आजीने चिमीला आणलं. आता परकरी पोर, दोन वेण्या, बापासारखीच बारीक. बायांनी तिला मागाच्या खोलीत गराडा घातला. रड वं पोरी, तुहा बाप होता. पाय, इथं बसत होता. एकीने तिची हनुवटी धरून तोंड वर केलं. चिमीने मान वळवली आणि भिंतीकडे पाहू लागली. लगेच कुजबुज झाली, दगडाची आहे वं, माया कशी ती नाही.

माझा हात आपोआप वर गेला. "दूर व्हा साऱ्या," मी ओरडले. "श्वास घेऊ द्या तिले."

तेरवीच्या घरात असं ओरडतात का, असं म्हणत त्या बाहेर गेल्या. मी दार लोटलं आणि तिच्याकडे पाठ करून कांड्या भरत बसले. ती भिंतीकडे पाहत होती. मग मागाच्या दोरीकडे. माझी एक कांडी भरून झाली.

"काकू," मागून आवाज आला, "मी कुठं निजत होती?"

मी वाकळ दाखवली. ती जाऊन तिच्यावर आडवी झाली, एका कुशीवर, गाल जमिनीला टेकून. खड्ड्याकडे पाहत राहिली. मग तिने तोंड फिरवलं. मी कांडी भरत राहिले. थोड्या वेळाने ती आपणहून परत वळली. खड्ड्यात कोणी नव्हतं.