मेबलबायचा उन्हाचा दिवा

साकीनाका मागे पडला तेव्हा मेबलबाय म्हणाली, "थांब गो, खांदा बदलू."

आम्ही बादली रस्त्याकडेच्या मातीत टेकवली. बादलीत लाकडाचा भुसा, भुशात जुन्या मोटारीची बॅटरी, बादलीच्या कडीतून ओवलेला बांबू, आणि बांबूच्या दोन टोकांना आम्ही दोघी. मेबलबाय उंच, मी बुटकी. त्यामुळे बादली सारखी माझ्याकडे घसरत यायची. शेवटी तिने फ्रॉकचा कापडी पट्टा सोडला आणि कडी बांबूला मधोमध बांधून टाकली.

कुर्ल्याच्या गॅरेजातून निघालो तेव्हा बसमध्येच बसलो होतो. पण कंडक्टरला अ‍ॅसिडचा वास आला आणि त्याने आम्हाला खाली उतरवलं. रिक्षावाले थांबायचे, बादलीत डोकावायचे, आपल्या सीटकडे बघायचे आणि निघून जायचे. मग चालत जायचं ठरलं, मरोळच्या गावठाणापर्यंत. एका पानवाल्याने विचारलं, मावशी, बाळ आहे काय आत? मेबलबाय म्हणाली, "हो, आत्ताच झोपलंय. ओरडू नको."

तो हसला, मीही हसले. ती हसली नाही. तिला घरी पोचायची घाई होती. नाताळ जवळ आला होता.

मेबलबायची आणि माझी ओळख सीप्झमधली, अंधेरीच्या कारखान्यांच्या वसाहतीतली. तिथल्या एका कंपनीत आम्ही एकाच बाकावर बसून टाके मारायचो. म्हणजे सोल्डरिंग. हिरव्या पट्टीवर बारीक बारीक भाग बसवायचे, तापलेल्या कथलाचा थेंब सोडायचा, पट्टी पुढच्या बाईकडे सरकवायची. मी मालवणकडची, लग्न होऊन मुंबईत आलेली, नवीन लागले तेव्हा बोटं भाजून घ्यायचे. शेजारी बसून मला हात धरून शिकवलं ते हिने. ती मरोळच्या जुन्या ख्रिस्ती घराण्यातली. आई लवकर गेली, तेव्हापासून धाकट्या भावाला, फ्रेडीला, हिनेच वाढवलं. लग्न केलं नाही. का, ते मी कधी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. फ्रेडी बहारीनला गेला, तिकडचाच झाला. मेबलबायचे डोळे पुढे कामाला पुरेनात, तेव्हा कंपनीने तिला घरी बसवलं.

तिचं घर गावठाणात अगदी शेवटी. कौलारू, पुढे लाकडी कठड्याची ओटी. आजूबाजूची दोन-तीन घरं विकली गेली होती, कुलपं लागली होती. संध्याकाळी त्या गल्लीत शिरलं की आपल्याच चपलांचा आवाज ऐकू यायचा. वरून मात्र सहारला उतरणारी विमानं इतकी खाली येत की कपाटातल्या कपबशा वाजत. विमान गेलं की मेबलबाय म्हणायची, "आखातातलं असेल." ते कुठलं आहे हे तिला कसं कळणार? पण म्हणायची.

घराचा विजेचा मीटर फ्रेडीच्या नावावर होता. मागच्या खेपेला तो आला तेव्हा नंदकुमार नावाच्या इमारतवाल्याने त्याला गाठलं. बहीण एकटी, डोळ्यांनी अधू, घर पडायला आलेलं. विकून टाका आणि तिला वसईला सिस्टर लोकांच्या आश्रमात ठेवा, असं त्याच्या डोक्यात भरवलं. फ्रेडीने जाण्याआधी मीटर बंद करायच्या अर्जावर सही केली आणि घराची वीज गेली. घराच्या कागदांवर करायची राहिली, ती नाताळात येऊन करणार होता. नवीन मीटर घ्यायचा तर परत त्याचीच सही. मेबलबाय कोपऱ्यावरच्या दुकानातून त्याच्याशी फोनवर बोलली. तो म्हणाला, तू अंधारात एकटी कशी राहणार? हिने विचारलं, आणि अंधार नसला तर? तो म्हणाला, नसला तर बघू.

तेवढ्या "बघू"वर तिने सगळं सुरू केलं.

आमच्या कंपनीत उन्हावर चालणारी छोटी हिशेबाची यंत्रं बनायची. त्यात सेल घालावा लागत नसे, काळी पट्टीच उजेडातून वीज घ्यायची. मेबलबायच्या डोक्यात ते राहिलं होतं. तिने लॅमिंग्टन रोडच्या भंगारवाल्यांकडे खेपा घातल्या आणि त्याच जातीच्या मोठ्या गोल चकत्या शोधून काढल्या. कडा उडालेल्या, काहींना तडे गेलेले. भाजलेल्या पापडासारख्या पातळ, हातात धरायचीही भीती. एका चकतीची वीज नाममात्र, पण माळेसारख्या एकीला एक जोडत गेलं की बॅटरी भरण्याइतकी होते, एवढं तिला तिथल्याच एकाने सांगितलं.

माझी सुट्टी असली की मी जायचे. ओटीवर पाट मांडून, टाक्याची सळई स्टोव्हवर तापवत आम्ही दोघी बसायचो. डोळे माझे, हात तिचा. मी चकती धरून सांगायचे, थोडं अलीकडे, हां, आता. आणि तिचा टाका असा नेमका पडायचा की परत हात लावावा लागू नये. काही चकत्या फुटल्या. फुटली की ती क्रॉस काढायची आणि दुसरी उचलायची. जुन्या खिडकीची काच, सागवानी चौकट, कडेने काच बसवायची लांबी भरलेली. ते सगळं आम्ही शिडी लावून ओटीच्या पत्र्यावर चढवलं. तिथे दरवर्षी ती मसाल्याच्या मिरच्या वाळवायची. समोरच्या एमिलिया म्हातारीने खालून बघून विचारलं, "मेबल, यंदा मिरच्या काचेखाली गो?"

बॅटरी आली, माळ जोडली, आणि संध्याकाळी रिक्षाचा एक छोटा दिवा लागला. आम्ही तो खिडकीत टांगला, गल्लीच्या तोंडाला दिसेल असा. घरात येशूच्या तसबिरीपुढे पूर्वी लाल बल्ब जळायचा, तो आता विझलेला होता. माझ्या मनाला ते बरं वाटेना. आमच्याकडे तिन्हीसांजेला आधी देवापुढे उजेड होतो, मग घरात. मी म्हटलं, मेबलबाय, पहिला दिवा देवापुढे नको का?

ती म्हणाली, "देवाला अंधारात दिसतं, सुगंधा. माणसांना दिसत नाही."

पण तो दिवा पहाटेपर्यंत टिकेना. संध्याकाळी छान, झोपायच्या वेळी मलूल, सकाळी बॅटरी रिकामी. दिवा विझवून ठेवला तरी तेच. मेबलबायला वाटलं, तडे गेलेल्या चकत्याच वाईट. मग तिच्या लक्षात आलं की सूर्य बुडताच पत्र्यावर चढून तार सोडवली तर बॅटरी भरलेली राहते. म्हणजे दिवसा जी वीज ज्या वाटेने आत येते, ती रात्री त्याच वाटेने परत जाते. त्यानंतर ती रोज संध्याकाळी शिडी चढायची, तार सोडवायची, सकाळी परत जोडायची. अंधूक डोळ्यांनी. मला ते नंतर कळलं. मी म्हटलं, पडलीस तर दोन दिवस कोणाला पत्ता लागायचा नाही. ती म्हणाली, तू येतेस ना रविवारी.

उत्तर आमच्याच बाकावर होतं. टाके मारायला आम्हाला शिकवलं होतं, कशासाठी मारायचे ते नव्हतं. त्या हिरव्या पट्टीवर एक काळा बारीक तुकडा असायचा, एका टोकाला पांढरा पट्टा. साहेबांनी पहिल्या दिवशी सांगितलेलं, पट्टा डावीकडे, बस. मी एकदा असंच आमच्या सुपरवायझरला, दत्ताराम भाऊंना, विचारलं की डावीकडेच का हो? ते म्हणाले, त्यातून वीज एकाच बाजूने जाते, उलट फिरत नाही, म्हणून.

मी कंपनी सुटल्यावर घरी न जाता तडक मरोळला गेले. मेबलबाय शिडीच्या पायरीवर बसून ऐकत होती.

"इतकी वर्षं," ती म्हणाली, "पोत्याने बसवले असतील गो मी हे."

तसा मोठा तुकडा आणला. तिने स्वतः पत्र्यावर बसून तारेत जोडला. दुसऱ्या दिवशी लखलखीत ऊन होतं आणि संध्याकाळी दिवा लागलाच नाही. अजिबात नाही. आणि नेमका त्याच संध्याकाळी नंदकुमार स्कूटर घेऊन आला. खिडकीखाली उभा राहून म्हणाला, "मावशी, हे खेळ कशाला? फ्रेडीशेठ परवा येतायत. तुमचं सामान बांधायला माणसं पाठवू का?" मेबलबाय मेणबत्ती घेऊन ओटीवर आली. म्हणाली, माणसं नको, तुझा टॉर्च दे जरा. त्याने दिला, काय करणार. तिने टॉर्च वर धरला, मला चढवलं आणि विचारलं, पट्टा कुठल्या अंगाला आहे?

डावीकडे होता. वर्षानुवर्षांच्या सवयीने हात डावीकडेच गेला होता. पण कंपनीतल्या बाकावर डावी बाजू जी होती ती इथे पत्र्यावर उलटी झाली होती. पट्टा बॅटरीकडे हवा होता, आणि बॅटरी उजवीकडे होती. वीज आत यायचीच वाट आम्ही अडवून ठेवली होती. त्या रात्री टाका सोडवला, तुकडा फिरवला. टॉर्च परत देताना ती नंदकुमारला आभारी आहे म्हणाली. खरं सांगायचं तर मनापासून म्हणाली.

पुढचे दोन दिवस मी बाकावर बसून देवाचं नाव घेत होते. ऊन राहू दे, एवढंच मागितलं.

फ्रेडी आला तेव्हा मी तिथे नव्हते. मेबलबायने नंतर सांगितलं. तो गल्लीच्या तोंडाशी टॅक्सीतून उतरला, कुलपाची घरं ओलांडत आला आणि खिडकीसमोर थोडा वेळ नुसता उभा राहिला. दिव्याखाली बसून जेवला. ही वाढत होती, तो खाली बघून जेवत होता. पत्र्यावर चढून त्याने काच बघितली, चकत्यांवरून बोट फिरवलं. निघायच्या दिवशी म्हणाला, ठीक आहे, या घरात दिवा लागतोय तोवर मी सही करणार नाही. नवीन मीटरच्या अर्जाचं मात्र विसरला. की राहू दिलं. मेबलबायनेही आठवण केली नाही.

मला वाटलं होतं, भाऊ येऊन गेला, घर राहिलं, आता ती सुखात असेल. पण नाताळानंतर ती जास्तच गप्प झाली. एक काम होतं तिला, ते पुरं झालं होतं. विमान गेलं तरी आता काही म्हणायची नाही. दिवा लावायची आणि खिडकीत बसायची. नंदकुमार मात्र रोज संध्याकाळी गल्लीच्या तोंडावर स्कूटर हळू करायचा, खिडकीकडे बघायचा आणि पुढे जायचा. दिवा लागला की नाही हे तो फ्रेडीला कळवतो, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं.

पावसाळ्याआधी डोळ्यांचं ऑपरेशन करायचं ठरलं, वसईला. नंतर काही दिवस तिथेच राहावं लागणार होतं, त्याच आश्रमात. ही गोष्ट तिने स्वतःच हसत सांगितली, शेवटी गेलेच बघ तिथे. जायच्या आदल्या दिवशी तिने मला बोलावलं. बॅटरीत पाणी कुठपर्यंत असावं, काच कशी पुसायची, सगळं दाखवलं. मग किल्ली माझ्या हातात ठेवली. मी म्हटलं, काळजी करू नको, कामावरून सुटले की रोज येऊन बटण दाबून जाईन.

तिने माझा हात सोडला नाही.

"नुसतं बटण दाबून जाऊ नको गो," ती म्हणाली. "थोडा वेळ खिडकीत बस. आत कोणीतरी आहे असं दिसू दे."