पूल उघडा होता

गुरुनाथ वाडेकरांविषयी श्रीरंगरावांना खरं म्हणजे फार थोडं माहीत होतं. त्यांच्या बायकोचं नाव कधी विचारलं नाही. त्यांना मधुमेह होता की नव्हता, तेही नक्की सांगता येणार नाही. अमेरिकेतल्या बॉथेल गावी नदीकाठच्या बागेत दोघं एका बाकावर दोनेक वर्षं बसले, एवढीच ओळख. बोलायचे गुरुनाथ, ऐकायचे श्रीरंगराव. आणि ऐकलेल्यातलंही निम्मं डोक्यावरून जायचं.

तरुणपणी गुरुनाथ लंडनला सिल्व्हरटाउन भागात बसकंडक्टर होते. एका अंगाला थेम्स, दुसऱ्या अंगाला गोदी, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत वस्ती, साखरेचा कारखाना, रेल्वेचे रूळ. जवळच नदी ओलांडायला फुकटची फेरीबोट. धुक्यात ती बंद पडली की नदीखालच्या बोगद्यातून पायी जायचं. आता गोदीच्या पाण्यात मधोमध विमानतळ झालाय म्हणे.

इथवर ठीक होतं. पण बोलता बोलता ते काठीने समोर दाखवायचे. "इथे आगबोट लागायची. आणि हा सायकलींचा रस्ता आहे ना, त्यावरून आगगाडी जायची."

"इथे म्हणजे तिथे, लंडनला?"

"इथे म्हणजे इथे हो, श्रीरंगपंत! बॉथेलला!"

श्रीरंगरावांना ते पटलं नव्हतं. पण बागेतल्या फलकावर खरोखरच आगबोटीचा जुना फोटो निघाला. दुसऱ्याच दिवशी मात्र गुरुनाथ हवा हुंगून म्हणाले, "आज साखर शिजतेय." तसला कारखाना कुठल्याच फलकावर नव्हता. त्यानंतर श्रीरंगरावांनी विचारणं सोडून दिलं.

सगळ्यात घोळ पुलाचा. सिल्व्हरटाउनला गोदीत जहाज शिरायचं तेव्हा रस्त्यावरचा पूल बाजूला फिरवून उघडायचे. बस, सायकली, बाबागाड्या, सगळं जागच्या जागी खोळंबायचं. कामावर उशीर झाला की माणूस मुकादमाला एवढंच सांगायचा, पूल उघडा होता. त्यावर पुढे काही विचारायचं नाही, अशी तिथली रीतच.

"त्यातले निम्मे घरी घोरत असायचे," गुरुनाथ हसून सांगायचे, "पण पुलाचं नाव काढलं की मुकादम गप्प!"

ती सवय ते अमेरिकेत घेऊन आले. बसने फिरून घरी जायला उशीर झाला आणि मुलीचा, प्रीताचा, फोन आला की म्हणायचे, "अगं, पूल उघडा होता." बॉथेलला उघडणारा पूलच नाही.

एका शनिवारी प्रीता बाकापाशी येऊन उभी राहिली.

"काका, बी ऑनेस्ट. बाबा कन्फ्यूज होतात का? मला खूप टेन्शन आलंय. असंच चाललं तर मी त्यांचं एकटं बाहेर जाणं बंद करणार."

"मी इथेच बसलोय, प्रीता," गुरुनाथ म्हणाले.

"आय नो, बाबा."

"बस बंद केलीस तर करू काय? सोफ्यावर बसून भिंतीला तिकीट फाडून देऊ?"

प्रीता हसली नाही. ती श्रीरंगरावांकडेच बघत होती. "मला तसं वाटत नाही," ते म्हणाले. "म्हणजे कधी कधी वाटतं. पण तसं नसावं."

या साक्षीचा व्हायचा तोच उपयोग झाला. शेवटी असं ठरलं, की गुरुवारी गुरुनाथांनी लायब्ररीतून निघायचं, बागेतला लाकडी पूल ओलांडून पलीकडच्या स्टॉपवर बस पकडायची आणि पाचच्या आत घरी यायचं. काकांनी सोबत जायचं, पण रस्ता सांगायचा नाही. जमलं तर फिरणं चालू, नाही तर बंद.

गुरुवारी गुरुनाथ पुढे, श्रीरंगराव मागे. वळणं बरोबर घेतली गेली. आणि पुलाच्या तोंडाशी केशरी कठडा! फळ्या कुजल्यामुळे पूल बंद.

गुरुनाथ कठड्याला टेकून नदीकडे बघत राहिले. "बोट गेली की उघडतील," ते शांतपणे म्हणाले. चेहऱ्यावर हसू नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजला. "बाबा, कुठे आहात?"

"अगं, पूल..."

"बाबा, प्लीज!" प्रीताचा आवाज फुटला.

गुरुनाथांनी फोन श्रीरंगरावांच्या हातात दिला. फोनवर बोलायचं म्हणजे त्यांना घाम फुटायचा.

"प्रीता, पूल खरंच बंद आहे गं. कठडा लावलाय. केशरी."

"काका, आता तुम्हीपण?"

तिने फोटो मागितला. श्रीरंगरावांनी आधी स्वतःच्या अंगठ्याचा पाठवला, मग पुलाचा. पलीकडे प्रीता हसत सुटली, रडल्यासारखी. "ओके, बाबा. सावकाश या."

गुरुनाथ वळले आणि मोटारींच्या मोठ्या पुलावरून बिनचूक स्टॉपवर घेऊन गेले. फिरणं बंद करायचा विषय पुन्हा निघाला नाही. पण बोटीचं ते वाक्य थट्टा होती की काय होतं, हे श्रीरंगरावांना आजही उमगलेलं नाही. विचारायला हवं होतं, असंही त्यांना वाटतं. आणि विचारलं नाही तेच बरं, असंही.

थंडीत गुरुनाथ देशाच्या दुसऱ्या टोकाला, अ‍ॅशबर्नला, मुलाकडे गेले आणि तिथेच झोपेत वारले. तिकडे निघण्याच्या आदल्या संध्याकाळी दोघं स्टॉपवर उभे होते. बस समोर वळताना दिसली.

"मार्चमध्ये परत येताय ना?"

"येतो की. उशीर झाला तर समजा, पूल उघडा असेल."

"बरं. टोपी घाला, वारा सुटलाय."

"घातलीय की हो," गुरुनाथ म्हणाले. टोपी खरंच डोक्यावर होती.