पाच कडक चहा आणि सदाभाऊंचा थर्मास

मंडळी, आज कितीतरी महिन्यांनी इथे बहरीनमध्ये जिदहफ्सला सदाभाऊंच्या चहाच्या दुकानासमोर गाडी थांबवून हॉर्न दिला. कोरोनामुळे आत बसायला बंदी. चिपळूणचे सदाभाऊ मास्क सावरत धावतच बाहेर आले.

"गिऱ्हाईकच नाही, ताई. असंच चाललं तर पुढच्या महिन्यात खलास. गावी जायचं."

मी म्हटलं, "पाच कडक द्या. घरी पाहुणे आहेत."

"कोरोनात पाहुणे?" ते हसले. मग चहा स्वतःच्या थर्मासमध्ये भरून दिला. "कपात गार होईल. थर्मास उद्या आणून द्या."

घरी आम्ही दोघंच. पाचही चहा आम्हीच प्यायलो.

उद्या संध्याकाळी थर्मास परत द्यायला जातेय. आपापल्या गाडीतून कोण कोण येताय?