वीणाताईंचा वाकडा क्रँक

वीणा धारप यांना लहानपणापासून एक खोड होती. बंद पडलेली वस्तू कुणीही उघडून बघतो. वीणाताई चालू वस्तू उघडून बघत. व्यवस्थित चालणारा मिक्सर, घड्याळ, शिवणयंत्र, जे हाताला लागेल ते. "बिघडलंय का?" असं कुणी विचारलं की म्हणत, "नाही ना, म्हणूनच बघतेय. चालतं ते कसं?" त्यांनी उघडलेल्या वस्तू बहुतेक वेळा पुन्हा चालत. एखादा स्क्रू उरायचा, तो वीणाताई डब्यात टाकत आणि त्याविषयी अवाक्षर काढत नसत.

पुण्याहून केंद्र सरकारच्या नोकरीत दिल्लीला आल्या आणि आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये एकट्याच रमल्या. लग्न का केलं नाही, अशी चौकशी करणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावायची कला त्यांना चांगली साधली होती. ऑफिसला त्या बसने जात. बाकी सगळं, म्हणजे भाजी, वाचनालय, सरोजिनी नगरचा बाजार, कुणाच्या घरचं हळदीकुंकू, हे त्यांच्या काळ्या लेडीज सायकलवर. बिनगियरची, साधी, जड सायकल. दिवाळी आली की घराआधी सायकलची सफाई होई. चेन रॉकेलमध्ये बुडायची, मागच्या चाकाच्या फ्रीव्हीलमध्ये तेलाचे थेंब पडायचे, आणि मग वीणाताई पायडल उलटं फिरवून त्याची टिकटिक कान देऊन ऐकत बसायच्या.

गेल्या वर्षी ऑफिसच्या जिन्यावरून त्या घसरल्या आणि डाव्या गुडघ्याची वाटी फुटली. प्लास्टर निघालं, व्यायाम झाले, चालणं सुधारलं, पण गुडघा एका मर्यादेपुढे वाकेना. खुर्चीत बसता येई, जिना चढता येई. सायकलवर मात्र डावं पायडल वर आलं की गुडघा अडून बसे. डॉक्टर म्हणाले, एवढ्यात समाधान माना. समाधान मानणं वीणाताईंना कधीच जमलं नव्हतं.

धाकटा भाऊ प्रसन्न दिल्लीतच, द्वारकेला मोठ्या फ्लॅटमध्ये राहायचा. तो दर रविवारी येई आणि तोच विषय काढी. "ताई, रिटायरमेंटला किती राहिलंय? आत्ताच चल ना आमच्याकडे. लिफ्ट आहे, खाली डॉक्टर आहे, सगळं घरपोच येतं. आणि ती सायकल सोसायटीच्या गार्डला देऊन टाकू यार, बिचारा पायी येतो."

घरपोच हा शब्दच वीणाताईंना खुपला. सायकल गेली की आपणही द्वारकेला जाणार, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. मग भाजी घरपोच, पुस्तकं घरपोच, आणि आपण सातव्या मजल्यावरच्या बाल्कनीत. त्या म्हणाल्या, "पुढच्या रविवारी संध्याकाळी ये. तुझ्यासमोर कोपऱ्यावरच्या बाजारापर्यंत चालवून दाखवली नाही, तर सायकल घेऊन जा. मीही येते."

बोलून तर बसल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी सायकल जिन्याजवळच्या खालच्या व्हरांड्यात स्टँडवर लावली, समोर बसायला वेताचा मोढा ओढला आणि हाताने पायडल सावकाश फिरवत राहिल्या. खाली, पुढे, वर, मागे. गुडघा जास्त वाकणार नाही, हे नक्की. पण पायडल इतकं वर आलंच पाहिजे, हे कुणी ठरवलं? पायडल ज्या दांड्यावर बसतं तो क्रँक जेवढा लांब, तेवढं ते वर येणार. क्रँक आखूड केला तर? शेजारच्या मुलाची छोटी सायकल जिन्याखाली उभी होती. वीणाताई तिच्यापुढे जाऊन वाकल्या आणि तिच्या क्रँककडे बराच वेळ टक लावून बघत राहिल्या. येणाऱ्याजाणाऱ्यांना वाटलं, बाईंचं काहीतरी हरवलंय.

मुनिरक्यातल्या सायकलवाल्याकडे त्या ऑटोने गेल्या. क्रँक मधल्या आसाला घट्ट धरून ठेवणारी खीळ, म्हणजे कॉटर, मापासाठी पर्समध्ये घेतली होती.

"मैडम, एक तरफ़ बड़ा, एक तरफ़ छोटा? ऐसे कोई नहीं चलाता," दुकानदार म्हणाला.

"मैं चलाऊँगी. आप बस बच्चों वाला लेफ़्ट क्रैंक दीजिए."

क्रँक मिळाला. घरी येऊन वीणाताईंनी तो आसावर चढवला आणि कॉटर कुठल्या बाजूने ठोकायची इथे त्या अडल्या. वरून की खालून? आयुष्य मंत्रालयात गेलेलं. तिथे प्रश्न पडला की आधीच्या प्रकरणात काय केलं होतं ते बघायचं आणि तसंच करायचं, हा नियम हाडीमासी खिळलेला. आधीचं प्रकरण समोरच होतं. उजव्या बाजूला कॉटरचा नट वर होता, म्हणून त्यांनी डावीकडेही नट वर ठेवला आणि हातोडीचे ठोके दिले. उजवा क्रँक पुढे आहे आणि डावा मागे, म्हणजे डावीकडे नट खाली हवा, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. एरवी कशातही नाक खुपसणाऱ्या बाईंनी नेमका इथे मागचा निर्णय डोळे झाकून मान्य केला.

दोन्ही पायडलं एका रेषेत दिसेनात. आखूड-लांब असल्यामुळे तसं वाटत असेल, अशी त्यांनी समजूत घातली आणि सायकल गल्लीत काढली. पहिल्याच फेरीला डावा पाय वर गेला, गुडघ्याने जराशी कुरकुर केली आणि पाय पलीकडे उतरला. पुन्हा वर, पुन्हा खाली. सायकल थोडी हेलकावत होती, पण चालत होती. गल्लीच्या टोकाला वीणाताई उतरल्या आणि हँडल धरून चक्क रडल्या. इतके महिने त्यांनी कुणापुढे डोळ्यांत पाणी येऊ दिलं नव्हतं, आता मात्र आवरलं नाही.

रविवारी सकाळी प्रसन्नची मुलगी निधी आली, बाबांच्या आधी, आपल्या सायकलवर. तिची सायकल फिक्स्ड गियरची होती. चाक फिरतंय तोवर पायडल फिरणार, पाय थांबवायची सोयच नाही. वीणाताईंना ती सायकल भारी कुतूहलाची वाटे.

"म्हणजे माझा गुडघा नको म्हणाला तरी ही ऐकणार नाही?"

"नाही, आत्या. चाकच पाय ढकलतं."

"उद्धट आहे गं," वीणाताई म्हणाल्या आणि पोहे करायला वर गेल्या.

निधीची नजर आत्याच्या सायकलकडे गेली. कॉटर उलटी लागलीये, हे तिला एका दृष्टिक्षेपात कळलं. आत्याला सरप्राइज म्हणून तिने ती काढली, उलटून नीट ठोकली, नट आवळला. आता दोन्ही क्रँक एका रेषेत आले. पोहे खाऊन दोघी खाली उतरल्या. वीणाताई सीटवर बसल्या, उजवं पायडल दाबलं, डावा पाय वर गेला आणि तिथेच अडकला. सायकल कलली. निधीने धरलं नसतं तर त्या पडल्याच असत्या.

"आत्या, सॉरी. मी फक्त तुझा मिस्टेक ठीक केला होता." निधीचा चेहरा पांढराफटक पडला होता. बाबा संध्याकाळी का येणार आहेत, हे तिला माहीत होतं.

वीणाताईंना भीती वाटली, रागही आला. पण त्या दोन्हींच्या आधी डोक्यात प्रश्न येऊन बसला. "थांब. काल चाललं, आज चालत नाही. क्रँक तोच, गुडघा तोच. मग बदललं काय?"

"फक्त कॉटर."

सायकल पुन्हा स्टँडवर गेली. निधी पायडल सावकाश फिरवत होती, वीणाताई मोढ्यावर बसून बघत होत्या. पायडलं सरळ रेषेत असली की डावं अगदी वर येतं तेव्हा उजवं अगदी खाली असतं. त्या क्षणी उजव्या पायात काही जोर उरत नाही, आणि आजारी गुडघ्याला नेमका तेव्हाच धक्का हवा असतो. मग निधीने कॉटर काढून पुन्हा उलटी घातली आणि फिरवलं. आता डावं वर पोचलं तरी उजवं अजून पुरतं खाली गेलेलं नव्हतं. थोडा दाब शिल्लक होता.

"अच्छा," निधी म्हणाली. "म्हणजे उजवा पाय त्याला पलीकडे पोचवून देतो."

"आणि मला वाटलं सगळं आखूड क्रँकचं काम आहे," वीणाताई म्हणाल्या. आपलं यश अर्धं चुकीतून आलं होतं याचं त्यांना वाईट वाटायला हवं होतं. उलट त्या इतक्या खूष झाल्या, की त्यांनी निधीकडून पायडल काढून घेतलं आणि स्वतः फिरवत बसल्या. शेवटी निधीनेच नट कचकचून आवळला आणि दोनदा तपासला.

संध्याकाळी प्रसन्न आला. वीणाताई त्याच्यासमोर सायकलवर बसल्या आणि निघाल्या. एक पाय मोठं वर्तुळ काढत होता, दुसरा लहान, आणि दोघांचा मेळ बसत नव्हता. प्रसन्न गेटपाशी उभा राहिला. बाजार जवळ होता, पण ताई परत येईना. त्याने फोन लावला, तो वर घरातल्या टेबलावर वाजला. निधीने "बाबा, रिलॅक्स" म्हणून पाहिलं, पण तिचीही नजर रस्त्यावरून हलत नव्हती.

दिवे लागता लागता वीणाताई आल्या. कॅरियरला कोथिंबीर होती, पदर घामाने भिजला होता.

"कुठे होतीस?"

"सरोजिनी नगरला. कोपऱ्यावरच्या बाजारात पोचले तर वाटलं, पुढचा चढ जमतो का बघू. मग वाटलं, तिथून उतार कसा लागतो."

 प्रसन्नचा आवाज बारीक झाला. "ताई, मला भीती वाटते गं. त्या दिवशी तुझ्या ऑफिसमधून फोन आला, जिन्याखालून तुला मी उचललंय."

वीणाताईंनी सायकल भिंतीला टेकवली आणि त्याच्या दंडाला धरलं, आधारासाठी की माया म्हणून, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

"मलाही वाटते रे," त्या म्हणाल्या. "रोज वाटते. पण सायकलवर असताना ती माझ्या मागे राहते. घरात बसले की समोर येऊन बसते."

प्रसन्नने कॅरियरवरची कोथिंबीर काढून घेतली आणि ताईच्या पुढे होऊन तो जिना चढू लागला, तिच्या चालीने, एकेक पायरी थांबत.