वाटीभर मैदा आणि फणेरपेटीतला आरसा

१२ नोव्हेंबर, बुधवार. दुपारी वाटीभर मैदा जुन्या धोतराच्या फडक्यातून वस्त्रगाळ केला. खायला नव्हे. उद्या सकाळी तो एका मोटारीच्या इंजिनावर भुरभुरायचा आहे, कारण त्या इंजिनातून तेल गळतं आहे आणि कुठून गळतं ते कोणाला सापडत नाही. ही विद्या मला गजाकाकांनी शिकवली. मागच्या महिन्यात जबलपूरला, मुलीच्या घरी, ते वारले. मैदा चाळता चाळता वाटलं, लिहून ठेवावं.

गजाकाका कोणाकडे गेले की घरच्यांच्या आधी त्यांच्या गाडीखालची जमीन बघत. फार पूर्वी एका लग्नात नवरदेवाची गाडी फुलांनी मढवून उभी होती. सगळे नवऱ्याकडे बघत होते आणि काका सोवळ्याचा कद सावरत गाडीखाली वाकले होते. उठून मुलाच्या वडिलांना म्हणाले, "बारात निघू द्या. पण आधी खालचा बोल्ट कसून घ्या, नाहीतर सून पायी येईल."

त्यांचं घर पंचगंगा घाटाच्या वरच्या गल्लीत. चार पिढ्या काशीत मुरलेली मराठी, निम्मी हिंदी. रेल्वेच्या इंजिन कारखान्यात फिटर म्हणून तीस वर्षं काढली आणि निवृत्तीनंतर शहरातले गॅरेजवाले अडलं की त्यांना बोलावत. पिशवीत तीनच वस्तू: सुती फडकं, टॉर्च आणि काकूंच्या फणेरपेटीतला कुंकू लावायचा गोल आरसा, सायकलच्या तारेला बांधलेला. काम सुरू करताना एकच वाक्य ठरलेलं: "पहिले सफाई, मग गवाही." इंजिन स्वच्छ पुसल्याशिवाय ते त्याच्याबद्दल एक शब्द बोलत नसत.

मी सांगलीची, लग्न होऊन इथे आले. महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंना माझ्या गाडीतून प्रयागला, गयेला नेते. गाडी मीच चालवते. दोन वर्षांपूर्वी पितृपक्षाच्या आधी ऑइलचा दिवा लुकलुकायला लागला, म्हणून गॅरेजवाल्या लल्लनकडून ऑइल पंप बदलून घेतला. गाडीच्या कंपनीचा पंप मिळायला वेळ लागणार होता, तेव्हा बाजारातला लोकल पंप बसवला. दिवा विझला, पण गाडीखाली तेलाचे डाग पडायला लागले.

त्याच आठवड्यात जळगावहून दोन बहिणी आल्या. दोघी साठीच्या पुढच्या, भाऊ नाही. आईने जाताना सांगितलं होतं, गयेला माझा पिंड तुम्हीच द्या. दुसऱ्या दिवशी पहाटे निघायचं आणि परवा त्यांची परतीची गाडी. पितृपक्षात बनारसमध्ये दुसरी मोटार मिळत नाही. मी सगळीकडे विचारून बघितलं होतं. आणि लल्लन गाडीखालून बाहेर येऊन म्हणाला, "दीदी, पीछे का सील गया. इंजन उतारना पड़ेगा. चार दिन." सील म्हणजे फिरत्या दांड्याभोवती तेल अडवणारं रबरी कडं. डाग मागेच पडत होता, गिअरबॉक्सच्या खाली. त्याचं म्हणणं खोटं वाटायला काही कारण नव्हतं.

मी काकांना फोन लावला. ते म्हणाले, "कोणाला हात लावू देऊ नकोस. इंजिन धुऊन ठेव आणि एक बारीक पांढरी पूड आण. मी निघालो."

गाडी एका धर्मशाळेच्या अंगणात उभी होती. वेळ वाचावा म्हणून मी इंजिन डिझेलने धुतलं, पुसलं आणि पांढरी पूड भुरभुरूनही टाकली. काका आले. त्यांनी पुलीजवळची पूड चिमटीत घेतली आणि कानापाशी नेऊन चोळली.

"हे काय आहे?"

"रांगोळी."

"इंजिन चालू केलंस?"

"नाही."

"मग वाचलीस. अगं, हा दगड आहे. सीलची कड ओठासारखी नाजूक असते. तिथे हा गेला की जे गळत नाही तेही गळायला लागेल. पीठ नव्हतं घरात?"

"इंजिनावर अन्न कसं टाकायचं, काका?"

"आमच्याकडे पूजेचा चौक रांगोळीने नाही, आट्याने काढतात. तुम्ही दक्षिणी लोक दारात दगड पसरता, वर त्यात मोर काढता." माझ्या हातात त्यांनी दात घासायचा ब्रश दिला. "चल. पहिले सफाई."

तास गेला. कानाकोपऱ्यातली रांगोळी काढली. लल्लन पान चघळत बघत होता. मी धर्मशाळेच्या स्वयंपाकघरातून मैदा आणला तेव्हा म्हणाला, "काका, पूड़ी यहीं छानिएगा?"

"तू कड़ाही बन, बेटा. इंजन गरम होने दे."

काकांनी माझ्या हातात आरसा आणि टॉर्च दिली आणि स्वतः ड्रायव्हरच्या सीटवर बसले. मला वाटलं होतं उलट होईल. "मी ॲक्सिलरेटरवर पाय देतो. तू बघ आणि बोलत राहा." इंजिन सुरू झालं. मी आधी मागच्या सीलखाली आरसा धरला. पांढरं. पाच मिनिटांनीही पांढरं. लल्लनने पान थुंकलं आणि तोही वाकला.

"पुढे ये," काका आतून ओरडले. "गाडी पुढे पळते तर तेल मागे पळतं. डाग मागे आहे म्हणून चोर मागे राहत नाही."

पुढे पुलीच्या खाली आरसा नेला आणि मला ते दिसलं. पापणीच्या केसाएवढी पिवळी रेघ, मैद्यात भिजत मागे सरकणारी. मी ओरडून सांगितलं.

"वरचं टोक सांग. तेल खाली येऊन बोलतं, पण निघालं कुठून ते वरचं टोक सांगतं."

"नव्या पंपाची कड. खालच्या बोल्टपाशी."

लल्लनने इंजिन बंद करवून बोल्टला पाना लावला. हलेना. "टाइट है, काका."

काका गाडीतून उतरले. चेहऱ्यावर लाडू मिळाल्यासारखा आनंद. "टाइट है. पर किसको पकड़ के?"

बोल्ट काढला. काकांनी खराट्याची काडी मागवली, भोकात तळाला टेकवली, पंपाच्या कडेपाशी नखाने खूण केली आणि काडी बोल्टशेजारी धरून आमच्यापुढे केली. बोल्ट त्या खुणेपेक्षा तांदळाच्या दाण्याएवढा जास्त लांब होता. लोकल पंपाची कड जुन्यापेक्षा पातळ. त्यात जुनाच बोल्ट घातलेला. तो भोकाच्या तळाला जाऊन घट्ट बसला होता, पंपाला त्याने धरलंच नव्हतं, आणि मधलं गास्केट, तेल अडवणारी पातळ पट्टी, दाबलंच जात नव्हतं.

बोल्टच्या डोक्याखाली तांब्याच्या चकतीची वायसर घालून तो पुन्हा कसला. पुन्हा सफाई, पुन्हा मैदा, पुन्हा इंजिन. अर्धा तास मी आरशातून डोळा हलवला नाही. मैदा पांढरा राहिला. लल्लनने वाकून काकांच्या गुडघ्याला हात लावला.

आम्ही गयेला गेलो. दोघी बहिणींनी आपल्या हाताने पिंड दिले आणि परत येताना अर्ध्या वाटेपर्यंत आईच्या खोड्या सांगून मला हसवलं. घरी आल्यावर काकांचा निरोप: सबूत घेऊन ये. म्हणून रात्रभर गाडीखाली ठेवूनही कोरा राहिलेला पुठ्ठा काखेत मारून मी गल्लीतून त्यांच्याकडे गेले. काकांनी त्यावरून तळहात फिरवला, तो नाकाशी नेला आणि मान डोलावली. मला वाटलं, जुन्या फिटरची लकब असेल.

त्यानंतर दर दोन-चार महिन्यांनी ते मला बोलावत. दर वेळी आरसा माझ्या हातात आणि ते सीटवर. गेल्या वर्षी मुलगी त्यांना न्यायला आली तेव्हा त्यांनी आरसा माझ्यापुढे धरला. जरा बाजूला, जिथे माझा हात नव्हता तिथे.

"घे. आरशाला डोळे लागतात."

काचबिंदू, मुलगी म्हणाली. दोन्ही डोळे, कितीतरी वर्षांपासून. आमच्या त्या दिवशी त्यांना मैदा आणि रांगोळी यातला फरक दिसणं शक्यच नव्हतं. मी म्हटलं, "सांगायचं होतं की, काका."

"सांगितलं असतं तर सगळे माझ्याकडे बघत बसले असते. इंजिनाकडे कोण बघणार?"

आज सकाळी लल्लनचा फोन आला. एका गाडीला लोकल पंप बसवला, तेल मागून गळतं आहे, मालक इंजिन उतरवायला तयार आहे. "लेकिन हमको भरोसा नहीं, दीदी. काका तो रहे नहीं. आप मैदा लेकर आ जाइए."

१३ नोव्हेंबर, गुरुवार. सकाळी आठला मी गॅरेजमध्ये गेले. लल्लनने इंजिन लखलखीत धुऊन ठेवलं होतं. मैदा भुरभुरला. माझे डोळे चांगले आहेत. तरी आरसा मी लल्लनच्या हातात दिला, गाडीत बसले आणि पाय दिला.

"पीछे का सील?"

"सफेद है, दीदी."

"आगे आओ," मी म्हटलं. "और ऊपर का सिरा बताओ."