सातबाऱ्यावर पड असलेलं रान

पारनेरला जाणाऱ्या एसटीच्या कंडक्टरने मला भलत्याच फाट्यावर उतरवलं. तिथे साधा एसटीडी बूथही नव्हता. दोन कोस पायपीट झाली, कुसळं (गवताचे काटे) पायजम्यात घुसली आणि चपलेचा अंगठा तुटला. आजूबाजूचे डोंगर बोडके, एकच उतार हिरवा. तो यमुनाबाई साळव्यांचा; तोच बघायला मी आलो होतो.

"वर जायचं तर मोकळ्या हातानं न्हाई, भाऊ," म्हणत त्यांनी माझ्या हाती पाण्याची कळशी दिली. घरचा नियमच तो. प्रत्येक रोपाशेजारी गळ्यापर्यंत पुरलेलं मडकं, तळाच्या भोकात चिंधीची वात. वर जाणाऱ्याने मडकं भरायचं. मी अर्धं पाणी वाटेतच सांडलं. अशी पंधरा वर्षं खपून त्यांनी कडुनिंब, बाभळी वाढवल्या होत्या.

"बाजरी सोडलीत?"

"मिरगाचा पाऊस पोळ्याला याया लागला. बाजरीला दम न्हाई, जळून जाती. झाड वाट बघतंय."

दुपारी शेंगोळी (हुलग्याच्या पिठाच्या, लसूण घालून शिजवलेल्या वळकट्या) खाताना त्यांनी अडचण सांगितली. मुलाच्या घराला चार तुळया हव्यात. पण स्वतःच्या झाडाला कुऱ्हाड लावायला परवानगी लागते, परवानगीसाठी सातबाऱ्यावर झाडांची नोंद लागते आणि सातबाऱ्यावर हे रान 'पड'! तलाठ्याने चावडीत बसून दरवर्षी तेच खरडलेलं. परवानगी मागावी तर झाडं नाहीत, तोडावीत तर गुन्हा नोंदवायला झाडं आहेत. वा रे न्याय! माझं डोकंच फिरलं.

बरेच हेलपाटे घातल्यावर तलाठी भाऊसाहेब त्याच दिवशी पाहणीला यायला कबूल झाले होते. आले, घामाघूम होऊन कडुनिंबाखाली टेकले. "सावली झकास हाय बरं का!"

"मग लिवा की, भाऊसाहेब," यमुनाबाई म्हणाल्या.

"पीक कुठंय? पीक न्हाई म्हंजे पड." त्याच सावलीत त्यांनी वही उघडली आणि 'पड' लिहिलं.

मी ताडकन उठलो. "अहो, तुम्ही बसलात कशाखाली?"

"पाव्हनं, वरून हुकूम आल्याबिगर झाडं लिवता येत न्हाईत." मग त्यांनी प्यायला पाणी मागितलं. यमुनाबाईंनी दिलं. मला त्या पाण्याचासुद्धा राग आला.

यमुनाबाईंचे दीर किसनराव हे सगळं उभ्याने ऐकत होते. शेजारचा उतार त्यांचा. वहिनींचं बघून यंदा त्यांनीही रोपांसाठी खड्डे घेतले होते. संध्याकाळची एसटी गाठायला मी खाली उतरलो, तेव्हा ते फावड्याने माती ओढून खड्डे बुजवत होते.

"हे काय, किसनराव?"

"बाजरी पेरतो. रानात न्हाई आली तरी कागदावर यील."

एसटी हलली तरी माझा संताप काही उतरेना. डोंगर उघडे पडले म्हणून शहरात गळा काढणाऱ्या आपण सगळ्यांनी एकदा त्या बुजवलेल्या खड्ड्यांपाशी जाऊन उभं राहावं.